खाली ऑफिस, वर घर: बावीस मजली इमारतीत फ्लॅट घेण्याआधी आठवा मजला बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. छत्रपती संभाजीनगरात बीड बायपासच्या बाजूला तळमजला अधिक बावीस मजल्यांची इमारत उभी राहतेय. खाली दोन बेसमेंट आणि पार्किंग, तळमजला आणि पहिला मजला दुकानांचा, दुसऱ्यापासून सातव्यापर्यंत ऑफिसं, आठव्यावर सर्व्हिस फ्लोअर (म्हणजे पाईप आणि यंत्रणांचा मजला) आणि क्लब हाऊस, आणि नवव्यापासून बाविसाव्यापर्यंत मजल्यावर चार असे छप्पन्न फ्लॅट. तुम्हाला पंधराव्यावरचा आवडलाय. तुमच्या आईंनी औसा तालुक्यात १९९३ चा भूकंप अंगावर घेतलाय आणि त्या म्हणतात, एवढ्या उंचावर राहायचं नाही. घ्यावा का, हे तुम्ही विचारलंय.

मी स्ट्रक्चरल कन्सल्टंट आहे, मराठवाड्यातल्या इमारतींचंच काम करतो. माझं मत आधी सांगतो: उंचीला हरकत नाही. बावीस मजले आज नीट बांधता येतात, आणि आपल्याकडचा खडक त्याला साथ देतो. माझं सगळं लक्ष आठव्या मजल्याकडे जातं. ऑफिसं जिथं संपतात आणि घरं जिथं सुरू होतात, तिथं कॉलमची जागा बदलते, पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या लायनी वळतात, जिने वेगळे होतात, मेंटेनन्सचा हिशेबही तिथंच फाटतो. अशा इमारतीत पुढं जी भांडणं आणि ज्या दुरुस्त्या निघतात, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ या सांध्यात असतं. बिल्डरनं हा सांधा कसा सोडवलाय ते कळलं की तुमचं उत्तर तुम्हालाच मिळेल.

खाली धंदा आणि वर घर ही आपल्याला नवी गोष्ट नाही. गुलमंडीत, पैठण गेटला, नांदेडच्या वजिराबादेत लोक पिढ्यान् पिढ्या तसेच राहत आलेत. पण तिथं भिंतीवर भिंत होती आणि वरचा नि खालचा मालक बहुधा एकच. इथं दोन वेगळ्या इमारती एकमेकींवर ठेवलेल्या असतात आणि त्यांच्या गरजा जुळत नाहीत. ऑफिसवाल्याला आठ-नऊ मीटरचा मोकळा हॉल हवा, मध्ये कॉलम नको, छताखाली एसीचे डक्ट जायला उंची हवी. घराला तीन-साडेतीन मीटरच्या खोल्या, प्रत्येक खोलीला खिडकी आणि भरपूर भिंती लागतात. खालच्या पार्किंगला गाड्या वळवायला जागा लागते, म्हणजे तिसराच हिशेब. मजल्यावर धरायचं वजनही वेगळं: आपल्या भारतीय मानकात घरातल्या खोलीला चौरस मीटरला साधारण २०० किलो धरतात, ऑफिसला २५०, आणि त्याच हॉलमध्ये फायलींची कपाटं ठेवणार असतील तर ४००.

जगात हा प्रश्न कसा सोडवला गेला ते बघण्यासारखं आहे. शिकागोतली जॉन हॅन्कॉक सेंटर ही १०० मजल्यांची, ३४४ मीटर उंच इमारत १९६९ साली पूर्ण झाली. तिचे इंजिनिअर फझलूर रहमान खान, मूळचे ढाक्याचे. खाली दुकानं आणि पार्किंग, मग ऑफिसं, वर घरं. खान यांनी इमारत वर निमुळती केली, म्हणजे खाली ऑफिसांना ऐसपैस मजले मिळाले आणि वर घरांना लहान, जेणेकरून कुठलीच खोली खिडकीपासून लांब पडू नये. वाऱ्याचा जोर त्यांनी बाहेरच्या मोठ्या तिरक्या दांड्यांवर घेतला, आणि ती चौकट खालपासून वरपर्यंत अखंड आहे. वापर बदलला, मजल्याचा आकार बदलला, पण वजन खाली नेणारी वाट तुटली नाही. लंडनचा शार्ड २०१२ चा, ३१० मीटरच्या आसपास. तिथं खालच्या ऑफिसांचे मजले पोलादाचे आहेत, कारण दोन कॉलमांमध्ये लांब अंतर हवं होतं आणि तुळयांमधून पाईप-डक्ट न्यायचे होते. वरचे हॉटेलचे आणि घरांचे मजले काँक्रीटचे, कारण तिथं पातळ स्लॅब चालतो, मजल्याची उंची कमी लागते आणि आवाज कमी झिरपतो. दोन्हीकडं इंजिनिअरनं दोन वापर वेगळे आहेत हे पहिल्याच दिवशी मान्य केलं होतं. तुमच्या इमारतीत ते तसं मान्य केलंय का, एवढंच शोधायचं आहे.

आता आईंच्या भीतीबद्दल. ती मी हलक्यानं घेत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, अनंत चतुर्दशीची दुसरी सकाळ. सुमारे दहा हजार माणसं गेली. आईंना हे जरूर सांगा की त्या पहाटे जी घरं कोसळली ती उंच नव्हती. दगड-मातीच्या जाड भिंती, दगड एकमेकांत न गुंतलेले, आणि डोक्यावर माळवदाची टनावारी माती. भिंत फुटली की ती माती झोपलेल्या माणसांवर आली. धक्का उथळ होता, जवळचा होता, आणि असा झटका बुटक्या, कडक घरांना फार लागतो. बावीस मजल्यांची इमारत सावकाश डोलते, एका झोक्याला तिला दीड-दोन सेकंद लागतात, त्यामुळं तसल्या तुटक झटक्याचा तिच्यावर पडणारा जोर प्रमाणानं कमी असतो. शिवाय किल्लारीच्या त्या भूकंपानंतर भूकंपाच्या धोक्याचा नकाशा बदलला. १९९३ मध्ये तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ च्या मानकात लातूर-धाराशिवचा पट्टा तिसऱ्या विभागात गेला आणि संभाजीनगर दुसऱ्यात धरलं गेलं.

पण उंच इमारती पडतच नाहीत असं मी म्हणणार नाही. २६ जानेवारी २००१ चा कच्छचा भूकंप आठवा. केंद्र अहमदाबादपासून दोनशे किलोमीटरपेक्षा लांब, तरी अहमदाबादेत बऱ्याच बहुमजली इमारती बसल्या. त्यांतल्या अनेकांचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा होता: वर भिंतींनी ताठ झालेली घरं, खाली नुसते कॉलम. जमीन हलली तेव्हा सगळं वाकणं त्या एका मोकळ्या मजल्यावर आलं. तुमच्या इमारतीत हाच प्रश्न दोनदा येतो. एकदा पार्किंगला, आणि दुसऱ्यांदा वरची घरं आणि खालची मोकळी ऑफिसं जिथं भेटतात तिथं, म्हणजे आठव्याला. याला उपाय ठरलेला आहे. लिफ्ट आणि जिन्याभोवतीच्या काँक्रीटच्या भिंती, ज्यांना आम्ही शिअर वॉल म्हणतो, त्या बाविसाव्यापासून पायापर्यंत त्याच जागी, न तुटता उतरल्या पाहिजेत. भूकंपाचा आणि वाऱ्याचा आडवा जोर त्या घेतात. पार्किंगची एक जागा वाढावी म्हणून खालच्या मजल्यावर अशी भिंत कापलेली दिसली, तर तो फ्लॅट फुकटातही घेऊ नका.

कॉलमचं थोडं वेगळं आहे. खोल्यांच्या मापानं ठेवलेले वरचे कॉलम ऑफिसच्या हॉलमध्ये मधोमध येतात, म्हणून काही वेळा ते आठव्या मजल्यावर थांबवतात आणि त्यांचं वजन एका प्रचंड बीमवर घेऊन बाजूच्या कॉलमांना देतात. त्याला ट्रान्सफर बीम म्हणतात, आणि जो कॉलम असा अधांतरी थांबतो तो फ्लोटिंग कॉलम. भूकंपाच्या २०१६ च्या मानकानं यावर कडक भूमिका घेतलीय: आडवा जोर घेणाऱ्या मुख्य सांगाड्यात असा कॉलम चालत नाही. फक्त उभं वजन घेणारे एक-दोन कॉलम नीट हिशेब करून वळवले असतील तर मी हरकत घेत नाही. चौदा मजल्यांचे निम्मे कॉलम एका मजल्यावर वळवले असतील, तर मी माझ्या घरच्यांना तिथं जाऊ देणार नाही.

हा बीम साईटवर कसा होतो ते सांगतो, म्हणजे कुठं चुकू शकतं हे कळेल. दोन-दोन मीटर खोलीचा बीम, तळाला जाड सळईचे तीन-चार थर, त्यावर चार-चार इंचावर रिंगा. कॉलमवर दोन बीम भेटतात तिथं सळई इतकी दाटते की काँक्रीट हलवून घट्ट बसवणाऱ्या व्हायब्रेटरची सुई खाली उतरत नाही. मिस्त्री तेव्हा सांगतो, "साहेब, सुई जाईना झालीय इथं." त्या क्षणी काम थांबवून सळईची मांडणी सुधारणारा इंजिनिअर हजर असेल तर बीम चांगला होतो. नसेल तर वरून काँक्रीट ओतलं जातं, आत पोकळी राहते, आणि शटरिंग काढल्यावर ती प्लास्टरखाली झाकली जाते. दुसरा शत्रू उष्णता. एवढ्या जाड काँक्रीटमध्ये सिमेंट जमताना आतून तापतं. आतलं तापमान ७० अंशांच्या वर जाऊ नये आणि गाभा नि पृष्ठभाग यांत २० अंशांपेक्षा जास्त फरक पडू नये, हे आम्ही पाळतो, नाहीतर चिरा जातात. आपल्याकडं मे महिन्यात खडी आणि पाणी दोन्ही उन्हानं तापलेलं असतं, म्हणून असा बीम रात्री ओततात, पाण्यात बर्फ घालतात, आत तापमापकाच्या वायरी ठेवतात आणि वरून गोणपाट, प्लास्टिक घालून पृष्ठभाग उबदार राखतात. कोणी बिल्डर तुम्हाला त्या रात्रीच्या तापमानाची वही दाखवू शकला, तर त्याच्या कामावर माझा निम्मा विश्वास तिथंच बसेल.

तुम्हाला इंजिनिअरिंग येण्याची गरज नाही. महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) वेबसाईटवर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका, मंजूर नकाशे तिथं असतात. पार्किंगचा, ऑफिसचा आणि फ्लॅटचा नकाशा एकाच मापात छापून घ्या आणि खिडकीच्या काचेवर एकावर एक धरा. लिफ्टचा चौकोन तिन्हीकडं एकाच जागी येतोय का? त्याभोवतीच्या जाड भिंती तिन्हीकडं आहेत का? वरच्या कॉलमांपैकी किती जणांच्या खाली काहीच नाही? अर्ध्या तासाचं काम आहे. मग साईटवर जाऊन आठव्या मजल्याखाली, सातव्यावर उभे राहा आणि वर बघा. बीमच्या बाजूला मधाच्या पोळ्यासारखी खडबडीत जागा किंवा नंतर बुजवलेले चकते दिसले तर फोटो काढा आणि एखाद्या स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. त्याची फी फ्लॅटच्या किमतीपुढं काहीच नाही.

५० मीटरच्या वरच्या काँक्रीट इमारतींना २०१७ पासून वेगळं मानक आहे, आयएस १६७००. तुमची इमारत ७५-८० मीटरच्या घरात जाईल, म्हणजे ती त्यात बसते. वाऱ्यानं माथा उंचीच्या पाचशेव्या भागापेक्षा जास्त सरकू नये असं ते सांगतं. तुमच्याकडं ते साधारण १५ सेंटिमीटर होतं. संभाजीनगरात डिझाइनला वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात, तासाला १४० किलोमीटर. डोलणं माणसाला किती जाणवावं याचीही मर्यादा त्या मानकात आहे आणि ती घरांसाठी ऑफिसांपेक्षा कडक आहे, कारण बिछान्यावर पडलेल्या माणसाला बारीक हालचालही कळते. "डिझाइन आयएस १६७०० प्रमाणे केलंय का, आणि दुसऱ्या इंजिनिअरनं तपासलंय का?" हा प्रश्न लेखी विचारा.

पायाबद्दल थोडक्यात. वरची काळी माती काढली की मुरूम, त्याखाली बेसाल्ट. वेरूळचं कैलास ज्या खडकात वरून खाली कोरलं तोच दख्खनचा खडक. वजन घ्यायला उत्तम. पण तो लाव्हाच्या थरावर थर साचून झालाय आणि दोन थरांमध्ये कधी कधी तांबड्या मातीचा मऊ पट्टा असतो. वर घट्ट काळा पाषाण लागला म्हणून खोदाई थांबवली आणि दोन मीटर खाली हा पट्टा निघाला, असं होतं. म्हणून बोअर घेऊन पायाच्या बऱ्याच खालपर्यंतचा गाभा काढून बघावा लागतो. दुसरं, मराठवाड्यात पाणी नाही या समजुतीवर बेसमेंट बांधू नये. जुलै-ऑगस्टात खडकाच्या भेगांतून पाणी येतं आणि दोन बेसमेंटच्या खालून वर दाबतं. टॉवरखाली वरचं वजन त्याला दाबून धरतं. बाजूच्या बुटक्या दुकानांच्या भागाखाली ते वजन नसतं, तिथं फरशी उचलते, फुटते. पावसाळ्याच्या ऐन भरात बेसमेंट बघून या.

विमानतळ प्राधिकरणाची उंचीची परवानगी हा आपल्या शहरात विसरू नये असा कागद आहे. चिकलठाण्याच्या धावपट्टीमुळं शहराच्या मोठ्या भागात उंचीला मर्यादा आहे. परवानगीतली उंची आणि प्रत्यक्ष माथा, वरच्या टाक्या आणि लिफ्टची खोली धरून, जुळतोय ना बघा.

आता पाण्याकडं येतो. मराठवाड्यात ही बाब मी काँक्रीटइतकीच गंभीर धरतो. आपलं शहर पैठणच्या नाथसागरातून पाणी उचलतं, आणि वर्षानुवर्षं अनेक भागांत नळाला चार-पाच दिवसांआड, उन्हाळ्यात त्याहून उशिरा पाणी आलेलं आहे. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे तुम्ही बघितलंच असेल. तेव्हा बिल्डर "चोवीस तास पाणी" म्हणेल, तुम्ही हिशेब करा. घरात माणशी दिवसाला १३५ लिटर हे मानक, ऑफिसात माणशी ४५. छप्पन्न फ्लॅट, घरात पाच माणसं धरली तर रोज ३७,८०० लिटर. सहा मजल्यांवर प्रत्येकी साठ माणसं बसली तर १६,२००. दुकानं, बाग, गाड्या धुणं सोडून चोपन्न हजार लिटर रोज. नळाला पाच दिवसांनी पाणी येणार असेल तर दोन लाख सत्तर हजार लिटरची साठवण हवी, आणि आगीसाठीची टाकी त्यात धरायची नाही, ती वेगळी. साठवण कमी असेल तर दहा हजारी टँकर रोज पाच-सहा. ते पैसे कोण देणार? ऑफिसांच्या आणि घरांच्या टाक्या वेगळ्या आणि दोघांना स्वतंत्र मीटर असेल, तर प्रत्येक जण आपलं देईल. एकच टाकी असेल तर एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत दर रविवारी मीटिंग होईल.

सांडपाणी शुद्ध करून फ्लशला वापरायची सोय आहे का, तेही विचारा. १३५ पैकी ४५ लिटर फ्लशला जातात, ऑफिसात ४५ पैकी २०. म्हणजे प्लांट खरोखर चालला तर गोड्या पाण्याची गरज तिसऱ्या हिश्श्यानं कमी होते. त्यासाठी संडासांना सुरुवातीपासून दुसरी पाईपलाईन लागते. नंतर ती टाकता येत नाही. प्लांट कागदावर आहे आणि दुसरी लाईन नाही, असं दिसलं तर तो प्लांट चालणार नाही हे समजा.

उंचीमुळं दाबाचंही बघावं लागतं. दर दहा मीटरला पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला एक किलोनं वाढतो. माथ्यावरच्या टाकीतून सरळ खाली पाणी सोडलं तर आठव्या-नवव्याला चार-पाच किलोचा दाब येतो आणि नळाचे जोड सुटतात, गीझर फुटतात. म्हणून मध्ये दाब कमी करणारे व्हॉल्व्ह किंवा मधली टाकी हवी, आणि ती बहुधा आठव्यावर असते.

याच मजल्यावर सांडपाण्याच्या लायनी वळतात, आणि मला सर्वांत जास्त तक्रारी इथल्या दिसतात. वर चार फ्लॅटच्या चार ठिकाणी बाथरूम. खाली ऑफिसच्या हॉलमध्ये ते पाईप येऊ देता येत नाहीत. म्हणून आठव्याच्या छताखाली सगळे पाईप आडवे फिरवून एका शाफ्टमध्ये नेतात. आडव्या पाईपला उतार कमी पडला की तो तुंबतो. बाविसाव्यावरून आलेलं पाणी त्या वळणावर आदळतं, हवा दाबली जाते, वॉशिंग मशीनच्या साबणाचा फेस मागं सरकतो आणि सर्वांत खालच्या फ्लॅटच्या मोरीतून वर येतो. एका इमारतीत एक ताई मला बाथरूम दाखवत होत्या; जाळीतून पांढरा फेस हळूहळू वर येत होता, त्यांनी त्या दिवशी कपडेही धुतले नव्हते. "सगळ्या बिल्डिंगचं धुणं माझ्याच घरात यायलंय," त्या म्हणाल्या. वळणाच्या लगेच वरच्या मजल्याची लाईन वेगळी काढून पुढं जोडली की हे होत नाही. खर्च अगदी किरकोळ, पण डिझाइनच्या वेळी आठवण व्हावी लागते. तुमचा फ्लॅट पंधराव्यावर, तुम्हाला हा त्रास नाही; तरी विचारा, कारण ज्यानं नवव्या मजल्याची काळजी घेतलीय त्यानं बाकीचीही घेतलेली असते. आणि सर्व्हिस फ्लोअरवर ताठ उभं राहून, हात वर करून पाईपच्या तोंडापर्यंत पोचता येतं का ते बघा. क्लब हाऊसला जागा हवी म्हणून सर्व्हिसची उंची मारलेली असेल, तर तिथं प्लंबर कधीच नीट काम करू शकणार नाही.

आगीचं बोलू. घरात माणसं रात्री झोपलेली असतात आणि ऑफिसात रात्री कोणी नसतं; धोका इथंच आहे. ऑफिसच्या सर्व्हर रूममध्ये किंवा यूपीएसच्या बॅटऱ्यांना रात्री दोन वाजता आग लागली तर ती बघायला तिथं माणूस नाही, आणि धूर वर चढतो. म्हणून ऑफिसच्या मजल्यांवरच्या स्मोक डिटेक्टरची सूचना घरांच्या सुरक्षा केबिनलाही गेली पाहिजे, आणि घरांचा जिना ऑफिसच्या मजल्यांवर न उघडता सरळ बाहेर उतरला पाहिजे. पाईप आणि केबल जाण्यासाठी स्लॅबला ठेवलेली भोकं मजल्यागणिक आग न जाऊ देणाऱ्या मसाल्यानं बंद हवीत. इलेक्ट्रिकल डक्टचं दार उघडून टॉर्चनं वर बघा; वरचा मजला दिसला तर धूरही त्याच वाटेनं येईल. बाहेरून चकाकते पॅनेल लावणार असतील तर त्यांचा आतला गाभा न जळणारा आहे का, हे लेखी घ्या. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ च्या रात्री ७२ माणसं गेली, आणि आग बाहेरच्या अशाच पॅनेलवरून वर धावली होती. २४ मीटरच्या वर थोड्या-थोड्या अंतरानं रेफ्यूज एरिया, म्हणजे आगीच्या वेळी थांबायची मोकळी जागा, असते. ती आज मोकळी आहे का बघा, कारण ताबा मिळाल्यावर तिथं जुनं फर्निचर आणि सायकली साचतात. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणं यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून दर वर्षी जानेवारी आणि जुलैत घ्यायचं असतं. त्याची जबाबदारी ऑफिसवाले आणि फ्लॅटवाले यांच्यात कोणावर, हे करारात असू द्या.

लिफ्ट दोघांच्या पूर्ण वेगळ्या हव्यात, दारासकट. ऑफिसला सकाळी पाऊण तासात सगळी माणसं एकदम वर जायची असतात. घरांना तेवढी गर्दी कधी होत नाही. एक लिफ्ट स्ट्रेचर मावेल एवढी मोठी, आणि फायर लिफ्ट तळापासून माथ्यापर्यंत एका मिनिटात पोचणारी. जनरेटरवर किती लिफ्ट चालतात? आईंसाठी हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पंधरा मजले त्या चढणार नाहीत.

राहता राहिला हिशेब. सहकारी गृहनिर्माण संस्था होणार की १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली असोसिएशन, हे करारातच ठरलेलं असतं. संस्थेत सभासदाला एक मत असतं; अपार्टमेंटमध्ये वाटा ठरलेल्या प्रमाणात असतो, आणि सहा मजल्यांची ऑफिसं एका-दोघांच्या हातात असतील तर त्यांचं पारडं जड होतं. मला या प्रकारच्या इमारतीत दोन स्वतंत्र संस्था आणि सामाईक गोष्टींसाठी एक छोटी वरची समिती ही रचना चांगली वाटते. सामाईक गोष्टी कोणत्या, त्यांची यादी कराराला जोडलेली असावी: पाया, बाहेरचा रंग, आगीची यंत्रणा, बेसमेंटचे पंप, प्लांट. आठव्या मजल्याचं नावही त्या यादीत स्पष्ट असू द्या. क्लब हाऊस उद्या ऑफिसवाल्यांच्या जेवणाच्या हॉलला भाड्यानं गेलं, असं नको. विजेचे मीटर वेगळे हवेत, कारण व्यापारी दर घरगुतीपेक्षा महाग आहे आणि सामाईक मीटर व्यापारीत गेला तर तुमच्या जिन्यातला दिवाही महागाचा जळेल.

खाली ऑफिसं आधी विकली जातात, म्हणून बिल्डर खालच्या भागाचं भोगवटा प्रमाणपत्र आधी घेऊन तो चालू करतो आणि वर काम सुरू राहतं. कायद्यानं अर्धवट प्रमाणपत्र चालतं. तुम्ही मात्र तुमच्या मजल्याचं, तुमच्या लिफ्टचं आणि आगीच्या यंत्रणेचं प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय ताबा घेऊ नका.

रेरा कायद्यातल्या तीन तरतुदी तुमच्या कामाच्या आहेत. नोंदणीकृत करार होईपर्यंत दहा टक्क्यांपेक्षा जास्त पैसे बिल्डर घेऊ शकत नाही. मंजूर आराखड्यात किंवा सामाईक जागेत बदल करायला दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. "ऑफिसचा एक मजला वाढवतोय" असं नंतर कोणी म्हणालं तर हे कलम पुढं करा. आणि ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो विनामूल्य दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. बेसमेंटची गळती आणि आठव्याचे बीम यांचे तारखेसकट फोटो ताब्याच्या दिवशीच काढून ठेवा.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी महारेरावरचे नकाशे काचेवर धरून बघा, मग साईटवर सातवा आणि आठवा मजला, मग पाण्याचा हिशेब लेखी. शिअर वॉल पायापर्यंत अखंड, अधांतरी कॉलम नाहीत किंवा मोजके आणि दुसऱ्या इंजिनिअरनं तपासलेले, टाक्या, लिफ्ट नि जिने वेगळे, एवढं जमलं तर पंधरावा मजला निःशंक घ्या. आईंना साईटवर सोबत न्या आणि तिथल्या इंजिनिअरला त्यांच्यासमोर तो शिअर वॉलचा प्रश्न विचारा. त्यांनी जे बघितलंय त्यानंतर त्यांचं समाधान होणं मला तुमच्या कर्जाच्या मंजुरीपेक्षा महत्त्वाचं वाटतं. नकाशे मिळाले की त्यातला आठव्या मजल्याचा आणि पार्किंगचा भाग इथं टाका, मी बघून सांगतो. तोवर टोकन देऊ नका.